तंतोतंत प्रत

"फोनच्या पाकिटाचं सील तुम्ही फोडलंत, की आधीच फुटलेलं होतं?" आरोपीच्या वकिलाने विचारलं.

"मीच फोडलं. दोन साक्षीदारांसमोर," प्रयोगशाळेतली तज्ज्ञ म्हणाली.

एक नर्स गच्चीवरून पडून मेली होती. ढकलल्याचा आरोप तिच्या सख्ख्या भावावर होता. पोलिसांची सगळी भिस्त नर्सच्या फोनवर होती. त्यात भावाचे धमकीचे मेसेज सापडले होते. फोनची प्रत काढून देणं एवढंच तज्ज्ञ बाईचं काम. आतलं वाचायचं ते पोलिसांनी.

वकील तासभर हात धुऊन तिच्या मागे लागला होता.

"चार दिवस फोन पोलिसांच्या कपाटात होता. कोणीही हात लावला असेल!"

"चालू केला असता तर फोनमध्येच नोंद राहिली असती. तशी नोंद नाही."

"कपाटाला कुलूप तरी होतं का?"

"ते कपाटवाल्यांना विचारा."

मागे हशा पिकला. न्यायाधीशांनी पेन आपटलं. शेवटच्या बाकावर तज्ज्ञ बाईचा नवरा बसला होता, खास रजा टाकून आलेला. तो मात्र हसला नाही.

"पगार सरकारचा म्हटल्यावर तुम्ही पोलिसांचीच री ओढणार," वकील म्हणाला.

तिची कानशिलं तापली. "मूळ फोन आणि माझी प्रत, दोन्हींचा हॅश नावाचा आकडा एकच येतो. आत एक स्वल्पविराम बदलला तरी तो आकडा बदलतो. तुम्हाला समजत नसेल तर पुन्हा सांगते."

"म्हणजे प्रतीत जे आहे, ते त्या फोनमधलंच?"

"शंभर टक्के."

"पुसलेलंसुद्धा?"

"पुसलेलंसुद्धा."

"शपथेवर सांगताय?"

"मघापासून काय करतेय मग?"

सरकारी वकील गालातल्या गालात हसला. आरोपीच्या वकिलाचा आवाज मात्र पहिल्यांदाच खाली आला.

"आभारी आहे, बाई. मला एवढंच वदवून घ्यायचं होतं." त्याने एक कागद न्यायाधीशांना दाखवून तिच्यापुढे ठेवला. "पोलिसांनी फक्त भावाचे मेसेज शोधले. तुमच्याच प्रतीतून आमच्या माणसाने हा पुसलेला मेसेज काढलाय. मृत्यूच्या वीस मिनिटं आधीचा. मोठ्याने वाचा."

तिने वाचलं, "आत्ता गच्चीवर ये. आज कायमचं मिटवून टाकू. माझ्या बायकोला यातलं काही कळता कामा नये."

"आता पाठवणाऱ्याचा नंबर."

पहिले चार आकडे तिने कागदावरून वाचले. उरलेल्यांसाठी तिला कागद लागला नाही. गेली नऊ वर्षं प्रयोगशाळेतून निघताना 'येतेय' एवढं सांगायला ती घरी तोच नंबर लावत होती.