तिसरी चावी

"दोन लाख अठरा हजार," योक-पेंग म्हणाली.

सोक-यीच्या चिठ्ठीवर दोन लाख एकोणीस हजार होते.

खोलीतले सगळे हात टेबलावरून उचलले गेले. आकडे जुळले नाहीत की दोन्ही तळवे उलटसुलट करून छतावरच्या कॅमेऱ्यांना दाखवायचे आणि गप्प उभं राहायचं, हा तिथला नियम. अंगात बिनखिशाचा झगा. टेबल काचेचं, खालीही काही लपवता येऊ नये म्हणून. मकाऊच्या त्या कॅसिनोत वरच्या मजल्यावर कुणी कितीही हरो, या खोलीत काही हरवायला परवानगी नव्हती.

पद्धत साधी होती. जुगाराच्या टेबलाखालची कुलूपबंद पेटी सकाळी इथे यायची. एकीने नोटा मोजायच्या, आकडा लिहून चिठ्ठी पालथी ठेवायची. दुसरीने चिठ्ठी न पाहता पुन्हा मोजायचं. सहा वर्षं पहिली सोक-यी आणि दुसरी योक-पेंग. आणि ही सहा वर्षं सोक-यी एकीकडे नोटा मोजायची, दुसरीकडे योक-पेंगवर जळायची. दोन्ही कामांत तिची चूक क्वचितच व्हायची.

कारणं भरपूर होती. योक-पेंग तिच्याच वयाची, पण केस काळेभोर. ते रंगवलेले नाहीत, हे सोक-यीने जवळ जाऊन पाहून घेतलं होतं. बिनखिशाच्या झग्यात बाकीच्या बायका पोत्यासारख्या दिसत, योक-पेंग मात्र लग्नाला निघाल्यासारखी. कॅन्टीनचा आचारी तिच्या पेजेत माशाचे दोन तुकडे जास्त टाकायचा. हाही आकडा मोजलेलाच होता.

आणि आता ही चावी. प्रत्येक पेटीला तीन कुलपं. एक चावी रोखपालाकडे, एक पहारेकऱ्याकडे, तिसरी या खोलीच्या प्रमुख लाव बाईंकडे. लाव बाई आजची मोजणी संपवून निवृत्त होणार होत्या. दोघींच्या नावावर चुका सारख्याच, चार-चार. आज संध्याकाळी जिच्या कमी भरतील, तिला चावी, असं वरिष्ठ ताम सरांनी सांगून ठेवलेलं. चावीबरोबर पगारवाढ होती, आणि त्या खोलीतली एकुलती एक खुर्चीही.

लाव बाईंनी तिसऱ्यांदा मोजलं. सोक-यीही मनात मोजत होती.

"दोन लाख एकोणीस हजार."

योक-पेंगच्या नावावर पाचवी चूक चढली. पाळी संपताच ताम सरांनी सगळ्यांसमोर चावी सोक-यीच्या हातावर ठेवली. सोक-यीने सवयीने दोन्ही तळवे कॅमेऱ्याला दाखवले, आणि चावी खाली पडली.

कपडे बदलायच्या खोलीत कॅमेरा नव्हता. योक-पेंग केस विंचरत होती.

"वाईट वाटलं असेल ना गं?" सोक-यीने जमेल तितक्या गोडीने विचारलं.

"छे! मीच मुद्दाम हजार कमी सांगितले."

"काय?"

"हळू बोल! चावीकडे बघून तुझ्या तोंडाला पाणी सुटायचं, दिसत नव्हतं का मला? म्हटलं, घे बाई एकदाची."

घरी जाताना सोक-यीने भाजलेलं बदक घेतलं, चावी मिळाल्याचं. ते तिला गिळवेना. केस होते. मासा होता. आणि आता वर मोठं मन! केसांचं एक वेळ सोसता आलं असतं.

तक्रार करता आली असती. खोटा आकडा सांगणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवत. पण मग योक-पेंग घरी बसून मोठ्या मनाची राहिली असती आणि सोक-यी चावी घेऊन कोत्या मनाची. ते काही जमण्यासारखं नव्हतं. रात्रभर विचार करून सोक-यीला एकच उपाय सुचला. तिच्याहून मोठं व्हायचं.

सकाळी ती ताम सरांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"सर, ही चावी योक-पेंगला द्या."

"का?"

"ती जास्त लायक आहे." हे चार शब्द बोलताना तिची दाढ दुखायला लागली.

"तुम्हाला बरं नाही का?"

"बरं आहे सर. मन मोठं करतेय."

"लेखी द्या," ताम सर म्हणाले. "तीन प्रतींत."

तासाभराने ताम सर खोलीत आले आणि चावी योक-पेंगच्या हातात देऊन निघून गेले. सोक-यी ताठ उभी होती. आता या बाईच्या तोंडावर जळफळाट दिसेल, एवढीच तिची अपेक्षा.

योक-पेंगचा चेहरा पांढराफटक पडला. कॅमेऱ्याला कळू नये म्हणून ओठ न हलवता ती पुटपुटली, "अगं गाढवे, काय करून ठेवलंस हे! येत्या नववर्षाच्या सणाच्या पंधरा दिवसांत चावीवालीला एका दिवसाची सुटी नसते. माझी लेक तिकडे हद्दीपलीकडे जुहाईला वाट बघत बसलीय. नाहीतर तुला कोण द्यायला बसलं होतं चावी?"

सहा वर्षांत पहिल्यांदाच सोक-यीला योक-पेंगबद्दल मनापासून माया वाटली.