सात नंबरचा ट्रे

सात नंबरचा ट्रे सपशेल मेला होता, आणि तपासणीच्या मॅडम दारात उभ्या होत्या.

सात नंबर म्हणजे संशोधन केंद्राच्या साहेबांचा स्वतःचा कपाशीचा वाण. बारा वर्षांचं लाडकं लेकरू! तपासणी कार्यालयाने नंबर घालून पाठवलेल्या वाणांची रोपं काचघरातल्या चाळीस ट्रेंमध्ये महिनाभर खारं पाणी पीत होती. जे तगेल, ते खाऱ्या जमिनीत जाणार. "आपला सात तगला की तुझी नोकरी कायम," असं साहेब मदतनीस मुलीला म्हणाले होते. तीन वर्षं हंगामी राबलेल्या पोरीला आणखी काय हवं?

मॅडमनी एक रोप उपटलं. मूळ काळं, कुजकं. खाली नुसता चिखल.

"हे मिठाने नाही, बुडून मेलंय. जास्तीचं पाणी कुणी घातलं?"

माळीकाका पुढे आले. "मी. साहेब जेवायला गेले की एक झारी गोडं पाणी. साहेबांचं रोप मेलं तर आमची धडगत आहे का?"

काका बोलल्यावर मुलीला गप्प राहवेना. "मीही, मॅडम. सकाळी, कुणी यायच्या आधी."

"वा रे वा! अस्तनीतले निखारे!" साहेब कडाडले. "माझ्या वाणावर एवढाही विश्वास नाही?"

"पण साहेब, सुट्टीच्या दिवशीही ट्रे ओलाच असायचा," काका भाबडेपणाने म्हणाले. "तेव्हा किल्ली तुमच्याकडेच असते ना?"

साहेब चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

मॅडम कोपऱ्यात गेल्या. तिथे एकतीस नंबर हिरवागार उभा होता.

"तो? तो कुठला तरी फालतू वाण," साहेब घाईने म्हणाले. "त्याच्याकडे आम्ही कुणी बघतसुद्धा नाही."

"तेच बरं झालं. तुमची मोजणी खरी आहे का हे कळावं, म्हणून आम्ही एकच वाण गुपचूप दोन नंबरांनी पाठवतो. हाही तुमचा सातच. महिनाभर निव्वळ मिठावर जगलाय." मॅडमनी कागदावर दोन्ही नंबर खोडले. "पण दोन ट्रे जुळले नाहीत, की वाण बाद."

मुलगी काकांकडे वळली. "काका, म्हणजे आपण काहीच केलं नसतं तर?"

"तर पोरी," काका म्हणाले, "आज तू कायम झाली असतीस."