दुर्बीण

"ते हातमोजे काढ आधी! चर्र-चर्र करून डोकं उठवलंस," बाकावर शेजारी बसलेली कप्तान वैतागली.

दुर्बीणने हातमोज्याचा पट्टा शेवटचा एकदा उघडला, शेवटचा एकदा लावला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून टाकले. मग पाय हलायला लागले.

"आता पाय. बाक नाचतोय."

"तुझ्यापासून काही लपत नाही बाई."

"नाहीच लपत," कप्तान म्हणाली आणि मांडीवरची पिशवी जवळ ओढून घेतली.

कप्तानला जन्मापासून दिसत नव्हतं. हा संघच अंधांच्या फुटबॉलचा. चेंडूच्या पोटात खुळखुळे, मैदानात चौघी आणि चौघींच्या डोळ्यांवर जाड पट्टी, म्हणजे कुणाला थोडंफार दिसत असलं तरी अंधार सगळ्यांना सारखा. फक्त गोलकीपर डोळस लागते. तिने गोल राखायचा आणि मागून ओरडून बचावाला चेंडू कुठाय ते सांगायचं. तीन वर्षं ही जागा हिच्या एकटीची होती. म्हणून तर नाव पडलं दुर्बीण!

आणि आता ही नवी पोरगी आली होती. खांब. हे नावही चौघींनीच ठेवलेलं. "हिचा आवाज पहिल्या मजल्यावरून येतो," असं कप्तान पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

स्पर्धा पुढच्या महिन्यात. दोघींपैकी एकच जाणार, आणि ते आज ठरणार. दुर्बीणला रात्रभर झोप नव्हती. हा संघ नसता तर ती कोण होती? वर्गातली मागच्या बाकावरची एक मुलगी, बस.

सकाळी आईने हटकलंच होतं. "कपाळाला काय झालं?"

"कपाटाचं दार उघडं राहिलं होतं."

"काल पण?"

"खेळाडूला लागतंच गं, आई."

ती सगळ्यांच्या आधी मैदानावर पोचली होती. हल्ली रोजच पोचायची. गोलच्या एका दांड्यापासून दुसऱ्यापर्यंत चालून यायची. पाच पावलं आणि एक टाच. परत पाच पावलं आणि एक टाच. मग जिवात जीव यायचा.

"चला!" मॅडमनी शिट्टी मारली. "कप्तान दोघींना सहा-सहा पेनल्टी मारेल. बाकीच्या चिडीचूप. कुणी शिंकलं तरी बाहेर काढीन."

आधी खांब उभी राहिली. चार अडवल्या, दोन गेल्या. दर वेळी स्वतःवरच चिडून ओरडत होती.

मग दुर्बीण. मॅडमनी काठीने दोन्ही दांडे ठोकून कप्तानला दिशा दिली आणि बाजूला झाल्या. सगळं मैदान गप्प. बुटाचा धप्प आवाज, खुळखुळाट उजवीकडे. उडी! चेंडू पोटाशी. दुसरा डावीकडे, जमिनीलगत. अडवला. तिसरा. चौथा. मुलींनी टाळ्या पिटल्या तशी मॅडम ओरडल्या, "चिडीचूप म्हटलं ना!"

दुर्बीणने हातमोज्याचा पट्टा घट्ट केला. अजून एक. फक्त एक अडवला की झालं.

तेवढ्यात कुंपणापलीकडे गवत कापायचं यंत्र सुरू झालं. घर्रर्र!

"मॅडम, ते बंद करायला सांगा ना!"

"स्पर्धेत काय जगाला बंद करणार आहेस? खेळ."

पाचवा चेंडू तिच्या गुडघ्याजवळून आत गेला. तिने हातसुद्धा हलवला नाही.

"अगं, सरळ समोरून आला!" खांब किंचाळली. टोमणा नव्हता तो, खरोखरचं आश्चर्य होतं. तेच जास्त झोंबलं.

सहाव्याला दुर्बीणने डावीकडे झेप घेतली. चेंडू उजवीकडून गेला.

"चार-चार," मॅडम म्हणाल्या. "कप्तान, तूच सांग. पाठीमागे कोण हवी?"

कप्तानने क्षणभरही विचार केला नाही. "खांब."

दुर्बीणने हातमोजे तिथेच भिरकावले आणि निघाली. वाटेतली पाण्याची बादली तिच्या पायाने आडवी झाली, तरी थांबली नाही. मागून काठीची टकटक येत होती.

"हळू चाल ना. पडेन मी."

"पड!"

"बरं, पडते. पण तू थांब."

दुर्बीण सामानाच्या खोलीच्या पायरीवर मटकन बसली. "तीन वर्षं झाली मला! आणि तुम्हाला ती कालची पोरगी आवडली?"

"ती ओरडते गं. 'डावीकडे दोन पावलं' म्हणाली की चेंडू तिथेच सापडतो. तू आधी आमचे कान किटवायचीस. या मोसमात तोंडातून शब्द नाही."

"मी हल्ली लक्ष देऊन खेळते."

"माहितीये. मी पाय मागे घेतला की तू श्वास रोखतेस. खांब नाही रोखत." कप्तान चाचपडत शेजारी बसली आणि पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. "हे तुझं. धुऊन आणलंय. तू बचावात खेळायचंस, माझ्या डाव्या हाताला. मॅडमना सांगू आपण दोघी मिळून."

दुर्बीणने पिशवीत हात घातला. जर्सी होती. जर्सीच्या घडीत काहीतरी जाड, मऊ, मागे इलास्टिक असलेलं. पट्टी!

"ही कशाला? चुकून आली का? अगं, मी गोलकीपर आहे!"

कप्तानने काठीची घडी घातली आणि तिचं मनगट घट्ट धरलं.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येते सोबत, रस्ता मला पाठ आहे," ती हळूच म्हणाली. "फक्त एवढं सांग, तुला चेंडू दिसायचा कधी थांबला?"