औषध लावलेलं बी

सुमनबाईंनी डब्याचं झाकण काढून हात आत घातला, तो बाहेर आला गुलाबी होऊन.

मारुतीच्या पारावर जमलेल्या बायका आधी हसल्याच. "रंगपंचमी राहिली व्हती व्हय तुमची?" मोतीबाई म्हणाली. ती शेजारच्या गावाहून पहिल्या जीपनं आली होती आणि आल्या आल्या पदर पसरून बसली होती. सुमनबाईंना हसू आलं नाही. त्यांनी हात नाकाशी नेला. उग्र वास आला.

डब्यात कुर्डू, तिळवण, रानतुळस असलं बी होतं. शेतकरी ज्याला तण म्हणून शिव्या घालतो, तसलं. पण मधमाश्या जगतात त्याच्यावर, आणि या शिवारात तण संपलं तशा माश्याही संपल्या होत्या. भोपळ्याला फुलं लागायची आणि फळ न धरताच गळायची. मोतीबाई तर रोज पहाटे कापसाची वात घेऊन एकेका फुलावर फिरवायची. माशीचं काम बाईवर आलं, आता अजून काय बघायचं राहिलं, असं तीच म्हणायची. म्हणून या बायकांनी दोन हिवाळे मसणवट्यातून आणि तलावाच्या पाळूवरून मूठ मूठ बी गोळा केलं होतं. आज ते वाटून घ्यायचं आणि मृगात आपापल्या बांधावर टाकायचं, असं ठरलं होतं. यंदाच्या उन्हाळ्यात खोदायचं मशीन आलं आणि दोन्ही जागा खरडून गेलं. म्हणजे आता जे काय होतं, ते या डब्यात.

"पुनम," सुमनबाईंनी सुनेला हाक मारली. "याला काय लावलंस गं?"

"औषध," पुनम म्हणाली. "तुमीच सांगितलं व्हतं ना आत्याबाई, डोळ्याच्या आपरेशनला नांदेडला व्हत्या तवा. बियाला औषध लावून ठेव म्हणून. सोयाबीनला लावायचं उरलं व्हतं, तेच लावलं. बराबर चोळून लावलं."

सुमनबाईंच्या माहेरी बियाचं औषध म्हणजे चुलीतली राख आणि कडुनिंबाचा वाळका पाला. पुनमच्या माहेरी ते दुकानातून पुडीत यायचं. पोरीनं सांगितलेलं काम जीव लावून केलं होतं, एक दाणा कोरडा सोडला नव्हता. तिला बोल तरी कोणत्या तोंडानं लावायचा?

"पुडी हाय का घरात? आण जरा."

पुनम पळत जाऊन पुडी घेऊन आली. मागचं बारीक अक्षर वाचता वाचता तिचा आवाज खाली खाली गेला. "झाडाच्या अंगात भिनतं... मुळापासून फुलापर्यंत... मधमाश्यांना घातक..." पुढचं तिच्यानं वाचवलं नाही. ती मटकन खाली बसली आणि हमसून रडायला लागली.

सुमनबाई तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेल्या. मग आपला हात त्यांना दिसला आणि त्यांनी तो मागं घेतला.

"धुवून घेऊ की," मोतीबाई म्हणाली. "चार पाण्यानं धुते मी."

"पाच महिने झाले लावून," सुमनबाई म्हणाल्या. "आतपर्यंत मुरलं असन."

"मंग काय फेकून देता? दोन वर्सं काटे टोचून घेतले आमी. मला द्या तसंच मूठभर. माझं मी बघते."

इतर बायकांनीही पदर पसरले होते, ते एकीनंही आवरले नाहीत. सगळ्यांची नजर डब्यावर होती. सुमनबाईंनी झाकण घट्ट लावलं आणि डबा उचलून पोटाशी धरला.

"देत न्हाई."

"काहून? अवो, फुलं तर येतील ना?" मोतीबाई अगदी रडकुंडीला आली होती.

"येतील ना," सुमनबाई म्हणाल्या. "माश्याबी येतील."