ज्याचं त्याचं पाकीट

भाजीचं पाकीट वीस तारखेलाच रिकामं झालं, तेव्हा सिंधूनं उरलेले दिवस डब्यात बेसन आणि वरणच द्यायचं ठरवलं.

"गॅसच्या पाकिटात पैसे हायत की," रामकिशन म्हणाला. "त्यातले घ्या थोडे."

"ते गॅसचे हायत."

रामकिशननं मान हलवली आणि डबे सायकलला अडकवले. ह्या बाबतीत तो कधी वाद घालत नसे.

लातुरात शिकवण्यांचं पीक आलं होतं. हिमायतनगरपासून मुदखेडपर्यंतची पोरं डॉक्टर व्हायला इथं येत आणि त्यांना जेवायला लागे. सिंधू स्वयंपाक करी, रामकिशन डबे पोचवी. महिना भरला की सिंधू आलेल्या पैशांची पाकिटं लावी. त्यासाठी तिनं जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं जपून ठेवली होती. किराणा, भाजी, गॅस, भाडं, दवाखाना. एका पाकिटातला रुपया दुसऱ्यात जायचा नाही. सगळं भागून जे उरे त्याचे दोन सारखे भाग व्हायचे. एका पाकिटावर 'सिंधू', दुसऱ्यावर 'रामकिशन'.

समोरच्या खोलीत राहून शिकवणीला जाणारी नाझनीन कधी कधी पोळ्या लाटायला बसे. तिला ह्याची गंमत वाटायची.

"काकू, आमच्या घरी तर अब्बाचा सगळा पगार अम्मीच्याच हातात असतो. तुमची पाकिटं वेगळी कशाला?"

"ज्याचं त्याला मिळालं की कटकट न्हाई."

"पण काका बोलतात किती अदबीनं तुमच्याशी! अहो-जाहो. आमच्याकडं कुणी बोलत नाही असं."

सिंधू हसली आणि तव्यावरची पोळी उलटली.

ही पद्धत भूकंपानंतरची. गाव एका पहाटेत जमिनीला मिळालं, त्यात तीन लेकरं गेली. त्यांच्याबद्दल दोघं एकमेकांशी बोलत नसत. गावाबाहेर पत्र्याची शेडं उभी राहिली. शेड कुटुंबाला मिळायचं. दोघांना एक मिळालं. मदतीचे पैसे हातात आले, तेव्हा सिंधूनं पहिल्यांदा ते वेगवेगळ्या पाकिटांत घातले. पुढं दोघं लातूरला आले. रामकिशनला पहाटे दुधाला जावं लागे, म्हणून तो बाहेरच्या पडवीत झोपायचा. तिथंच त्याची वळकटी आणि पत्र्याची पेटी असे.

दिवाळीनंतर रामकिशन जळकोटला बहिणीकडं गेला. महिनाभरानं पुन्हा गेला. सिंधूनं पाकिटं लावताना पाहिलं, त्याच्या नावाचं पाकीट पार रिकामं होतं. कित्येक वर्षांची शिल्लक होती ती. त्याचं पाकीट, त्याचे पैसे. तिनं विचारलं नाही.

दोन दिवसांनी शेजारची केवळाबाई दारातूनच बोलली.

"सिंधू, तुझे मालक गंजगोलाईत दिसले मला. सराफाच्या दुकानात. डोरलं बघायलते."

सिंधूनं नकळत स्वतःच्या गळ्याला हात लावला. तिच्या गळ्यात होतं. जुनं, झिजलेलं, पण होतं.

केवळाबाई आत येऊन बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुला म्हणून सांगते. माझी भाची जळकोटला दिलेली हाय. ती सांगायली, तुझी नणंद साऱ्या गल्लीला सांगत फिरायली, भावाचं लग्न करायलाव म्हणून. लेकरू न्हाई ना तुला. सवत आणायलेत बाई तुझ्यावर. वेळीच भांड."

"कशावर भांडू?"

"अगं, कशावर म्हणजे?"

सिंधू उठली. गॅसवर पोळी करपली होती. ती तिनं बाजूला काढून ठेवली आणि दुसरी लाटायला घेतली. त्यानं घर मांडायचं ठरवलंच असेल, तर त्याला अडवायचा आपल्याला हक्क काय, असं तिला वाटलं. इतकी वर्षं त्यानं एक वाकडा शब्द काढला नव्हता. रडण्यासारखं काही नव्हतं. तरी त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं, आणि नाझनीननं ते न बोलता खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबे वाटून रामकिशन घरी आला, तेव्हा सिंधूनं सगळी पाकिटं चटईवर मांडली होती. प्रत्येक पाकिटाचे तिनं दोन भाग केले होते. किराण्याचेसुद्धा.

"हे काय?"

"हे तुमचं. मोजून घ्या. सायकलही तुम्हीच न्या. खानावळ मी बघते, पोरांना उपाशी कसं ठेवायचं?"

"कुठं नेऊ सायकल?"

"जळकोटला. सगळ्या गल्लीला ठाव हाय, मलाच तेवढं न्हाई." तिचा आवाज जरा चढला. "मी काय आडवी येणार होते का? एका शब्दानं सांगायचं होतं. कोण हाय ती?"

रामकिशन आल्या पावली वळला. मग पडवीत जाऊन त्यानं पेटी उघडली, लाल कागदात गुंडाळलेली डबी आणली आणि चटईवर तिच्यापुढं ठेवली. आत नवं डोरलं होतं.

"आधी बहिणीला विचारलं," तो खाली बघत म्हणाला. "ती लगेच हाव म्हणली. तुम्हाला विचारायचं मात्र तोंड होईना. बघा घालून."

"माझ्या गळ्यात हाय."

"ते भूकंपात गेलेल्या तुमच्या मालकांच्या नावाचं हाय, मला ठाव हाय. ते काढा म्हणत न्हाई मी. त्याच्यासंगं हे घाला."

सिंधूनं डबी उचलून मांडीवर घेतली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "अकरा वर्षं झाली, सारी गल्ली आपल्याला नवरा-बायकोच समजती. आता लग्नाला बोलवायचं कुणाला?"