साडेसातची मॅच

आमच्या ऑनलाइन गेमच्या सगळ्यात खालच्या लीगमध्ये कोणी खेळायलाच जाईना, म्हणून २००९ मध्ये कंपनीने तिथे दुप्पट पॉइंट ठेवले. वरच्या लीगमध्ये ऐटीत बसलेला मी, चंदनसारचा सिद्धेश, हावरटासारखा खाली उतरलो. पहिल्याच मॅचला समोर कोण, तर नंदाखालची शॅनन!

आदल्या वर्षी ही पोरगी सगळ्यांत वर होती. रोज संध्याकाळी साडेसातला तिच्या माइकमधून तिच्या आईची हाक आम्हाला ऐकू यायची, "शॅनन, रोझरीला ये गं." ही "आले, पाच मिनिटं" म्हणायची आणि मॅच जिंकूनच प्रार्थनेला उठायची. आम्ही सगळे हसायचो.

आताही ती मला धुवून काढत होती. पण साडेसात वाजले आणि जिंकत आलेली मॅच सोडून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मॅच अर्धवट सोडली की गेम हार धरतो; ती एवढी खाली कशी घसरली ते कळलं. दुप्पट पॉइंट मला फुकट मिळत होते, तरी माझं डोकं फिरलं. चौथ्या दिवशी साडेसातला दोन मिनिटं असताना मी माइकवर ओरडलोच, "अगं, आईला सांग ना पाच मिनिटं थांबायला! आधी थांबायच्या ना त्या?"





"मम्मी जूनमध्ये गेली, सिद्धेश. ती हाक मारायची, तेव्हा मी एकदाही वेळेवर उठले नाही."