तिसावं मिनिट

दाराखालून पाणी बाहेर येत होतं आणि दार काही उघडत नव्हतं. चार जिने पळत चढून आलेल्या प्लंबरने तिसऱ्यांदा बेल दाबली.

"ताई, दार उघडा! सगळं घर भिजेल!"

"आले, आले," आतून आवाज आला. आलं कोणीच नाही. उलट कुणीतरी फिदीफिदी हसलं.

जिवाचा आटापिटा करून तो अठराव्या मिनिटाला पोचला होता. कंपनीचा नियम असा की तक्रार आल्यापासून पंचवीस मिनिटांच्या आत ग्राहकाकडून चार आकडी कोड घेऊन फोनमध्ये टाकायचा. टाकला तरच पोचला, नाहीतर लाल शेरा. तीन शेरे झाले की काम कायमचं बंद. त्याचे दोन झाले होते. एक लिफ्टमध्ये अडकला तेव्हाचा, दुसरा बायकोला दवाखान्यात नेलं त्या दिवशीचा.

"दार राहू द्या, कोड तरी सांगा!"

"दादा, बाराच मिनिटं थांबा ना," बाई दाराला तोंड लावून लाडात म्हणाल्या. "आम्ही तीस ओळखलंय!"

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. गेल्या महिन्यात कंपनीने ग्राहकांसाठी खेळ काढला होता. कारागीर किती मिनिटांत येईल ते ओळखा, मुकुट जिंका! मुकुट म्हणजे फोनच्या पडद्यावरचं पिवळं चित्र. त्या चित्रासाठी हे दीडशहाणे स्वतःच्या घरात पाणी भरू देत होते. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, माझं काम जाईल!" त्याने दारावर थाप मारली.

"चिडता काय एवढं? खेळ आहे तो!" आतून एक आजोबा म्हणाले.

मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, ते असं. त्याने कंपनीला फोन लावला. तिथे माणूस कोणी येईना, नुसती बासरी वाजत होती. ती ऐकत तो ओल्या बुटांनी उभा राहिला.

तिसाव्या मिनिटाला बाईंनी दार उघडलं आणि त्या पळत परत सोफ्यावर जाऊन बसल्या. अख्खं कुटुंब पाय वर घेऊन सोफ्यावर बसलेलं. खाली चपला तरंगत होत्या. बाईंनी कोड सांगितला, त्याने टाकला. त्यांच्या फोनमध्ये तुतारी वाजली. आजोबांनी टाळ्या पिटल्या. त्याचा फोन नुसता थरथरला. तिसरा लाल शेरा. हे काम काढून घेण्यात आलं आहे. आपलं खातं बंद करण्यात आलं आहे.

त्याने हातातला पाना पिशवीत टाकला. अंगातलं कंपनीचं जाकीट काढून दाराच्या कडीला अडकवलं आणि तो वळला.

"अहो दादा, निघालात कुठे?" बाई पाण्यातून धावत दारापर्यंत आल्या. "हे पाणी किती वेळात थांबणार?"

जिना उतरता उतरता तो ओरडला, "ओळखा!"